स्ट्रेट पूलच्या गुणांची वही : पावसाळ्यातील नोंद

पूल म्हणजे काठीने पांढरा बॉल मारून नंबरचे पंधरा बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ; एट-बॉल, रोटेशन आणि स्ट्रेट पूल हे त्याचे प्रकार. जूनपासून बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या हॉलमध्ये आम्ही दोघे एट-बॉल बाजूला ठेवून स्ट्रेट पूल खेळत आहोत. एट-बॉलमध्ये फ्रेम कोणी जिंकली एवढेच फळ्यावर उरते. रोटेशनमध्ये बॉलवरील आकडेच गुण होतात, त्यांची बेरीज 120 असल्याने 61 झाले की निकाल लागतो, आणि पंधरा नंबरचा एकच बॉल पहिल्या पाच बॉलांच्या बरोबरीचा ठरतो. स्ट्रेट पूलमध्ये मात्र बॉल आणि पॉकेट आधी सांगून घातलेल्या प्रत्येक बॉलला एकच गुण मिळतो आणि साध्या फाऊलला, म्हणजे नियमभंगाला, एक गुण वजा होतो. त्यामुळे आपण किती खेळलो आणि कुठे थांबलो, हे गुणांच्या वहीतून सरळ वाचता येते. अट एकच, वही बरोबर लिहिलेली हवी.

ती बरोबर आहे की नाही हे टेबलच सांगते, हा मला या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा लाभ वाटतो. चौदा बॉल पडले की पंधरावा जागेवर ठेवून पडलेल्या चौदांचा रॅक, म्हणजे त्रिकोणी मांडणी, पुन्हा लावतात. म्हणून जितक्या वेळा रॅक पुन्हा लावला त्याला चौदाने गुणावे आणि टेबलावर आता जितके बॉल कमी आहेत ते त्यात मिळवावेत. दोघांनी मिळून घातलेले बॉल तेवढेच असले पाहिजेत. त्यातून दोघांचे फाऊल वजा केले की दोघांच्या गुणांची बेरीज येते. फाऊलमध्ये किंवा न सांगितलेल्या पॉकेटमध्ये पडलेला बॉल परत टेबलावर येत असल्याने हिशेब बिघडत नाही. चौदाव्याबरोबर पंधरावाही पडला तर त्या रॅकचे पंधरा धरावेत. लागोपाठ तीन फाऊल झाले तर तिसऱ्या फाऊलच्या एका गुणाखेरीज आणखी पंधरा गुण जातात आणि सगळे बॉल नव्याने लावले जातात, तेव्हा तिथे रेघ मारून पडताळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.

गेल्या महिन्यातील एका सामन्यात रॅक सहा वेळा पुन्हा लागला होता आणि टेबलावर आठ बॉल होते, म्हणजे 84 अधिक 7, एकूण 91 बॉल. माझे तीन आणि जोडीदारांचा एक फाऊल वजा जाता बेरीज 87 यायला हवी होती, पण वहीत माझे 53 आणि त्यांचे 43, म्हणजे 96 निघाले. खडेबाजारातील एका पेढीवर मी बरीच वर्षे रोजमेळ लिहितो; फरक नऊने भागला गेला की आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, ही तिथली सवय इथे उपयोगी पडली. आमचे मार्कर कन्नडमध्ये गुण पुकारतात आणि त्यांनी "अण्णा, मूवत्तनाल्कु" असे स्वच्छ सांगितले होते. मराठीत चौतीस म्हणताना चार आधी येतात आणि तीस नंतर, कन्नडमध्ये तीस आधी आणि चार नंतर. शेवटी ऐकलेला अंक डावीकडे लिहायच्या सवयीने माझ्या हातून 34 चे 43 झाले. या सीमाभागात दोन्ही भाषा कानावर घेऊन गुण लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. आता पुकारलेला आकडा मी मोठ्याने मराठीत म्हणतो आणि मार्करांनी मान हलवल्यावरच लिहितो.

त्या सामन्यात मी वीस पाळ्यांत 56 बॉल घातले, म्हणजे पाळीला 2.8, जूनमध्ये हीच सरासरी 2.1 होती. जुलैच्या पावसात कापड दमट होऊन बॉल जड चालत असल्याने त्या महिन्याच्या नोंदी मी यात धरत नाही. सरासरीपेक्षा अधिक शिकवले ते पाळी का संपली याच्या रकान्याने. चूक, फाऊल की सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून खेळलेला फटका), आणि त्या वेळी टेबलावर किती बॉल होते, एवढे त्यात लिहितो. माझ्या बहुतेक पाळ्या तीन-चार बॉल उरले असताना संपतात, कारण पुढचा रॅक फोडण्यासाठी राखायचा बॉल मी फार उशिरा ठरवतो आणि पांढरा बॉल त्याच्याजवळ नेता नेता सोपा शॉट हुकतो. अमेरिकन पूलपटू विली मॉस्कोनी यांनी 1954 मध्ये सलग 526 बॉल घातले आणि जॉन श्मिट यांनी 2019 मध्ये 626. चौदाने भागून पाहिले तर मॉस्कोनींच्या त्या एका पाळीत सदतीस पूर्ण रॅकहून अधिक बॉल येतात, आणि प्रत्येक रॅकच्या शेवटी हाच प्रश्न त्यांच्यासमोर उभा असणार.

म्हणून ऑगस्टपासून मी सहा बॉल उरताच राखायचा बॉल मनाशी ठरवतो आणि त्याचा नंबर मार्करांना सांगून वहीत लिहून घेतो. परवाच्या रविवारी बारा नंबरचा बॉल राखला, त्यावरून रॅक फुटला आणि माझी सलग धाव 17 वर गेली. चौदाच्या पुढची ही वहीतली पहिलीच धाव आहे.