ताई, माया किती ठेवू?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या शाखेत फोटोला हार घालायचा मान मला मिळाला, कारण त्याच महिन्यात मी मॅनेजर झाले होते. फोटो उंच, हार जड. हात वर केला आणि उजव्या काखेत टर्रकन आवाज झाला. डावीकडे फाटलं असतं तर पदराखाली खपून गेलं असतं, पण साडीत उजवी बाजू उघडीच. पदर पाठीमागून फिरवून उजव्या खांद्यावर घेतला आणि उरलेली सकाळ नव्या सुनेसारखी बसून काढली. डाव्या हाताने प्रसाद देता येत नाही आणि उजवा उचलता येत नाही, म्हणून पेढ्यांचं ताटही शिपाईदादांच्या हातात दिलं. सगळ्यांना वाटलं, मॅडम आज अगदी पारंपरिक मूडमध्ये आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तो ब्लाऊज घेऊन नेहमीच्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी ब्लाऊज उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, माया संपली हो. आता उसवायला काही उरलंच नाही."

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पुढेमागे अंग वाढलं तर शिवण उसवून तेवढं सैल करता येतं. काकांनी गेल्या काही वर्षांत माझ्या प्रत्येक ब्लाऊजची माया मला देऊन टाकली होती. शिल्लक शून्य. बँकेत नोकरी करूनही हा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता.

खरा घोटाळा मापाच्या ब्लाऊजचा होता. माझा मापाचा ब्लाऊज २००९ सालचा, धाकट्या दिरांच्या लग्नातला, जांभळा. तेव्हापासून मी टेलरकडे तोच देत आले, वर एक वाक्य जोडून: "यासारखाच, फक्त जरा सैल." टेप लावून घ्यायला मी कधीच तयार नसायचे. ज्यांनी दुकानात माप दिलंय त्यांना कारण माहीत आहे. काका टेप धरणार आणि आतल्या मुलाला ओरडून सांगणार, "लिही, छाती पंचेचाळीस!" बाकावर बसलेल्या चार बायका मान वर करणार. त्यापेक्षा जांभळा ब्लाऊज बरा, तो गप्प बसतो.

फेब्रुवारीत भाचीचं लग्न होतं. म्हणजे हातात तीन महिने. या वेळी मी ठरवलं की बारीक होऊन मग कपडे शिवायचे नाहीत. तो बेत गेली बारा वर्षं चालूच आहे, त्याला कुणी घाई करत नाही.

शेजारच्या सोसायटीत एक ताई घरीच शिवतात. खोलीला पडदा, एक मशीन, एक ओव्हरलॉक. त्यांनी माझा जांभळा ब्लाऊज हातातही घेतला नाही. "हा तुमचा नाहीये आता," म्हणाल्या. मग टेपने चौदा मापं घेतली आणि एकही मोठ्याने न उच्चारता वहीत लिहिली. छाती, छातीच्या वरचा घेर, छातीच्या खालचा घेर, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई), दंड, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीच्या) टोकापर्यंत, दोन टोकांमधलं अंतर, पुढची उंची, मागची उंची. पुढची आणि मागची उंची वेगवेगळी घेतात हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. छाती भरलेली असली की पुढचं कापड जास्त खर्च होतं. दोन्हीकडे एकच उंची धरली की पुढून ब्लाऊज वर चढतो आणि बाई दिवसभर तो खाली ओढत बसते. मी ती ओढायची सवय माझ्या स्वभावाचा भाग समजत होते.

काखेत का फाटलं, तेही त्यांनी दाखवलं. बाजूची माया सोडली की छातीला जागा मिळते, पण खांदा आणि मुंढ्याची खोली होती तिथेच राहते, आणि बाही दंडाशी तशीच घट्ट. सगळा ताण मग काखेच्या टोकाला. मी म्हटलं, मग मुंढा चांगला खोल करा. त्या हसल्या. उलट आहे म्हणे. मुंढा खोल असला की हात वर करताना अख्खा ब्लाऊज हाताबरोबर वर जातो. मुंढा काखेच्या जवळ हवा आणि बाही दंडाला मोकळी. बाही कुठे संपवायची यावरही त्यांचं ठाम मत होतं: दंडाचा सर्वांत जाड भाग असतो तिथे तर नाहीच. एक तर कोपराच्या वर दोन बोटं, नाहीतर सरळ कोपराखाली. मी इतकी वर्षं नेमकी त्या जाड भागावर काठाची पट्टी लावून घेत होते, म्हणजे बघणाऱ्याची नजर चुकायला नको!

शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आत हेच घालणार ना लग्नात?" मी घाईघाईने हो म्हटलं. हे खोटं मला साडेसातशे रुपयांना पडलं.

झालं असं की पंधरा दिवसांनी बहिणीने मला ओढून चांगल्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात नेलं. मी आयुष्यभर काउंटरवरच्या काकांना पुटपुटत ४४ बी (छातीखालचा घेर ४४, कप बी) मागत आले होते. तिथल्या मुलीने आधी छातीच्या खाली टेप लावला, मग छातीवर. खाली ४०, वर ४५. या दोन मापांतल्या फरकावर कप ठरतो, ढोबळपणे दर इंचाला एक कप वर. ए, बी, सी, डी आणि पाचवा डबल डी, म्हणजे माझं माप ४० डबल डी. घेर चार इंच मोठा आणि कप लहान असं काहीतरी मी अंगावर वागवत होते. वजन पेलायचं काम पाठीमागच्या पट्ट्याचं असतं. पट्टा सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो. माझ्या खांद्यांवर जे दोन खोल वळ होते ते वयाचे नव्हते तर! नवीन मापाची घालून आरशात पाहिलं तर छाती चांगली दीड-दोन इंच वर गेलेली आणि तिच्या खाली चक्क कंबर. होती कुठे ती इतके दिवस?

आनंदात घरी आले आणि शिवून आलेला ब्लाऊज घालून पाहिला. टक्सची टोकं जिथे हवी त्याच्या दोन इंच खाली. वर कापड सपाट ताणलेलं, खाली रिकामी पिशवी. तो ब्लाऊज वाया गेला. ताईंनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, फक्त वहीतलं पान फाडलं आणि पुन्हा टेप उचलला. म्हणून हे ज्यांना करायचं असेल त्यांनी क्रम लक्षात ठेवा: आधी आतलं, मग माप.

दुसऱ्या ब्लाऊजच्या वेळी कापडाचा प्रश्न आला. साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटरचा. माझ्या मापाचा, कोपरापर्यंत बाहीचा, प्रिन्सेस कटचा ब्लाऊज त्यात बसत नाही. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापडही मला सव्वा मीटर लागतं. आजवर टेलर कुठे ना कुठे जोड देऊन भागवायचे आणि काठ कधीच पुरायचा नाही. तेव्हा लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू रुबिया (ब्लाऊजचं सुती कापड) आणली, तीही मॅचिंग नाही, मुद्दाम वेगळ्या रंगाची. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला दिलं. हे न केल्यामुळे पहिल्या धुण्यात आटलेले माझे किती ब्लाऊज मी 'वजन वाढलं' म्हणून स्वतःच्या खात्यावर लिहिले असतील, देव जाणे. पुढची हूकपट्टी रुंद आणि हूक जवळजवळ लावून घेतले, म्हणजे बसल्यावर दोन हुकांच्या मधे डोळे उघडत नाहीत.

आणि मूळ साडीचा ब्लाऊजपीस? तो कापलाच नाही. याचं गणित मला फार आवडलं. साडी साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस धरून सहा मीटर तीस. माझं नितंबाचं माप ५०, त्यामुळे गुंडाळण्यातच एवढी साडी जाते की निऱ्या उरतात चार. चार निऱ्यांची साडी समोरून दारावरच्या पडद्यासारखी दिसते. पाच इंचांच्या एका निरीला दहा इंच कापड लागतं. न कापलेला ब्लाऊजपीस म्हणजे ३१ इंच, म्हणजे सरळ तीन निऱ्या जास्त. बहुतेक साड्यांत तो आत खोचायच्या टोकाला असतो, त्यामुळे दिसतही नाही. फक्त फॉल-पिकोवाल्या बाईंना आधी सांगायचं, नाहीतर फॉल निऱ्या सोडून भलतीकडेच बसतो.

परकराकडे तर मी कधी परकर म्हणून पाहिलंच नव्हतं. तयार परकराच्या कमरेला नेफ्यात चुण्या, त्यावर पोटावर बरोबर मधोमध नाडीची गाठ, त्यावर निऱ्या. म्हणजे जिथे मुळात काही कमी नाही तिथे आणखी तीन थर. ताईंनी आठ कळ्यांचा सुती परकर शिवला, कमरेला सपाट रुंद पट्टी, नाडी डाव्या बाजूला. खाली पाऊल टाकायला पुरेसा घेर. अंगाला चिकटणारे ते होजिअरीचे साडी-शेपर मैत्रिणींना आवडतात, मीही एक आणला होता. दिसतो छान. पण पुण्याच्या मे महिन्यात बँकेचे दोन जिने त्यात चढून बघा.

साड्यांच्या पोतात मी दोन्ही टोकं करून बसले आहे. शिफॉन सगळं सांगून टाकते. ऑर्गेन्झा नेसले तेव्हा आरशात मला दिवाळीचा आकाशकंदील दिसला. अंगावर शांत बसणाऱ्या म्हणजे नारायणपेठ, इरकल, माहेश्वरी, दोन-चारदा धुतलेली मलमल.

रंगाबद्दल ज्याला त्याला मत असतं. "तू काळं घाल गं, बारीक दिसतेस," हे नणंदबाईंचं. ऑफिसात मी वर्षानुवर्षं काळे, गडद निळे कुर्ते घालत होते. पण लग्नात काळं चालत नाही, संक्रांत वर्षातून एकदाच येते, मग उरलेल्या दिवशी जाड बाईने जायचं काय घालून? उभ्या रेघांचंही तसंच. भाची भौतिकशास्त्र शिकते, तिने मला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाची दोन चौकोनांची आकृती दाखवली, एकोणिसाव्या शतकातली. दोन्ही चौकोन सारखेच, पण आडव्या रेघांचा उंच आणि अरुंद वाटतो, उभ्या रेघांचा रुंद. मावशी, तू उगाच उभ्या रेघा घालत आलीस, म्हणाली. मी लग्नासाठी रंग घेतला आंबा पिवळा, काठ हिरवा, ब्लाऊज गडद वांगी.

कुर्त्यांची गोष्ट लवकर आटपते. एका दुकानातला थ्री एक्सएल दुसऱ्या दुकानातल्या डबल एक्सएलपेक्षा लहान निघतो, कारण भारतीय अंगांचं म्हणून एक ठरलेलं मापच नव्हतं. ते ठरवण्यासाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने 'इंडिया साईझ' नावाची मोहीम हाती घेतली, सहा शहरांत २५ हजारांहून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असा तिचा बेत होता. ती मापं दुकानांत दिसेपर्यंत मी लेबल बघणं सोडलंय. पर्समध्ये टेप असतो, दुकानात कुर्ता सपाट पसरून मोजते. त्या मापाची दुप्पट माझ्या छातीपेक्षा तीन इंच जास्त हवी, आणि बाजूचा कट नितंबाच्या सर्वांत रुंद भागाच्या वरून सुरू व्हायला हवा, नाहीतर तिथे तो ताणून बसतो. खांदा बरोबर असेल तर बाकी सगळं आत घेता येतं. खांदा उतरलेला असेल तर कुर्ता कितीही सुंदर असो, परत ठेवायचा. आत मांड्या घासू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट्स. ही एक गोष्ट मला विसाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवी होती.

दुसरा ब्लाऊज कापायच्या आधी ताईंनी विचारलं, "ताई, माया किती ठेवू?" मी म्हटलं, दीड इंच. त्या म्हणाल्या, दोन्हीकडे प्रत्येकी एक पुरे, जास्त ठेवली तर आतून गोळा होते आणि बाहेर दिसते. ट्रायलला मी त्यांच्या खोलीत दोन्ही हात वर करून उभी राहिले, मग वाकले, मग त्यांच्या कपाटावरचा डबा काढून दाखवला. काही उसवलं नाही. ब्लाऊज जागचा हललाही नाही.

लग्न छान झालं. फोटोंत मी मागच्या रांगेत नाही, एवढंच सांगते.

आता नात्यातल्या एका मुलीच्या डोहाळजेवणाला सगळ्यांनी नऊवारी नेसायची ठरलीय. शिवलेल्या नऊवारीची दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे 'फ्री साईझ' होती आणि ती माझ्यासाठी फ्री नव्हती. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, नऊवारीला कसलं माप आणि कसलं शिवण, नेसवणारं माणूस शोधा. आईला फोन केला. आमची आजी माझ्यापेक्षा आडवी होती आणि जन्मभर नऊवारीतच वावरली, विहिरीचं पाणीसुद्धा त्यातच ओढलं. आई रविवारी येतेय. म्हणाली, परकर घालून बसू नकोस, आणि मी यायच्या आधी जेवू नकोस.