पॉवर स्टेअरिंगमधली हवा आणि एक गंजकी क्लिप

बॉनेट धड उघडून न बघताच गॅरेजवाला म्हणाला, "पॉवर स्टेअरिंगचा पंप गेलाय, नवीन टाकायला लागेल." त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. पंप आजही तोच आहे.

स्टेअरिंगचं ऑइल त्याच्या टाकीत परत आणणारा रिटर्नचा पाइप घासून गळत होता, तो गुहागरला घरीच बदलला. ऑइल सांडलं की हवा शिरणारच. ती काढायला पुढची दोन्ही चाकं उचलली, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वीसेक वेळा फिरवलं. भाऊ टाकीत ऑइल घालत राहिला. पातळी खाली गेली की पंप पुन्हा हवा ओढतो, म्हणून एकाने टाकीपाशीच थांबायचं. बुडबुडे थांबले, तसं इंजिन चालू केलं.

दोन मिनिटांत घूंऽऽ असा आवाज आणि टाकीतल्या लाल ऑइलची पार सोलकढी! गुलाबी, फेसाळ. पुन्हा सगळं केलं. चार वेळा केलं. रात्रभर गाडी तशीच ठेवली, सकाळी ऑइल स्वच्छ लाल. चावी फिरवली, परत सोलकढी. खांदे भरून आले होते. खाली पुठ्ठा अंथरला होता, त्यावर एक थेंब नव्हता. मग हवा येते कुठून?

दुपारी डोक्यात आलं. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे सैल असेल तर ऑइल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते. त्या पाइपाची क्लिप बोटाने हलवली तर गरकन फिरली. खाऱ्या हवेने स्क्रूचे आटेच खाल्ले होते. ४० रुपयांची नवी क्लिप आवळली, पुन्हा हवा काढली आणि तासाभरात आवाज बंद. भावाने एका बोटाने स्टेअरिंग फिरवून दाखवलं, तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

हो, इंजिन चालू असताना स्टेअरिंग टोकाला दाबून धरू नका, पाच सेकंदसुद्धा नको, पंप तापतो. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला, लाल दिसलं म्हणून कुठलंही चालत नाही. आणि जॅकखाली किंवा गाडीखाली जांभ्या दगडाचा चिरा लावू नका. खळ्यात हाताशी असतो, पण जांभा वजनाखाली फुटतो. स्टँडच हवा.

परवा आंब्याच्या पेट्या भरून चिपळूणला जाऊन आलो. ऑइल लाल आहे.