दंडातला उंदीर

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या काकू वही घेऊन येतात. सगळी हयात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गेली, मराठी-गुजरातीवर मजेत निभावलं. आता नातवंडं इंग्रजीत भांडतात आणि चूक कोणाची ते काकूंना कळत नाही, म्हणून हा वर्ग. फी म्हणून डबा येतो. परवा सुरळीच्या वड्या होत्या. पोळीवाल्या बाई त्यांना खांडवी म्हणतात, मी दोन्ही नावांनी खाते.

त्या दिवशी 'माउस' निघाला. एक माउस, अनेक माइस. काकूंनी पेन खाली ठेवलं.

"हाउसचं हाउसेस, ब्लाउजचं ब्लाउजेस. यानंच काय घोडं मारलंय?"

जुन्या इंग्रजीत तो 'मूस' होता. त्याच्याही आधी कधीतरी अनेकवचनाच्या शेवटी 'इ' यायचा. त्या 'इ'च्या ओढीनं आतला 'ऊ' जागचा हलला. पुढे 'इ' गळून पडला, हललेला स्वर तसाच राहिला. फुट-फीट, गूस-गीस यांचंही तेच. पाहुणे निघून जातात, पण त्यांनी सरकवलेली खुर्ची आपण आठवडाभर जागेवर ठेवत नाही, तसं.

"त्यापेक्षा आपलं बरं," काकू म्हणाल्या. "एक आला काय, दहा आले काय, उंदीर तो उंदीरच."

"पण काकू, सकाळी जिन्यात तुम्हीच म्हणालात, उंदरांनी पोळ्या नेल्या. त्यातली दीर्घ ई कुठं गेली?"

"तीही त्यांनीच नेली असेल."

व्याकरणात त्या अशा कुठंही अडत नाहीत. रॅट आणि माउस यांच्यातला फरक सांगताना मात्र मीच अडले. आपण लहान-मोठ्या दोघांनाही उंदीर म्हणतो. फारच दांडगा असला तर ती घूस. तिला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी तेलुगूतून उचलला. तिथं त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. संशय आला की इंग्रजाला 'रॅट'चा वास येतो. आपल्याकडे कचेरीत काम अडलं की 'घूस' आठवते, पण तिला वास नसतो म्हणे.

मग ओघानं कॉम्प्युटरचा माउस आला. तो 1964च्या सुमाराला अमेरिकेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबार्टची, बनवला बिल इंग्लिशनं. लाकडी खोकं, खाली दोन चाकं, मागे वायरचं शेपूट. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला. आता माझ्या टेबलावरच्याला शेपूट नाही, पण नाव सुटलं नाही. या बिनजिवाच्या माउसचं अनेकवचन 'माउसेस' केलं तरी शब्दकोश चालवून घेतात. काकूंनी तेवढं दोनदा अधोरेखित केलं.

मला खरी गंमत वाटते ती 'मसल'ची. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे 'मूस', आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली स्नायू हलताना रोमन माणसाला पिटुकला उंदीर पळताना दिसला असावा. ग्रीकमध्ये तर उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द. डॉक्टरांच्या 'मायोकार्डियल'मधला 'मायो' तिथलाच. संस्कृतातला 'मूष्' त्याच बिळातला. म्हणजे बाप्पाचं वाहन, टेबलावरचा माउस आणि हृदयविकाराचा रिपोर्ट, सगळी भाऊबंदकी एकच.

"पण दंडात बेडकुळी असते," काकू ठामपणे म्हणाल्या. त्यांचे दीर जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, म्हणजे प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या आखाड्यात. घरी येऊन ते सदऱ्याची बाही वर सारायचे आणि वाड्यातली पोरं बेडकुळी दाबून बघायची. "टुणकन वर यायची. उंदीर कुठून आला त्यात?"

मी त्यांना हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवायला लावली. बांगड्या कोपराकडे सारून त्या मनगटाच्या वरच्या भागाकडे बघत राहिल्या. सुरकुतलेल्या कातडीखालून काहीतरी बारीक, लगबगीनं, खाली-वर जात होतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा उडत नाहीये. पळतोय."