मागचे शॉक निवडताना: तीन पिकअपच्या एका प्रवासातून

तीन पिकअप, एकच वाट आणि मागे तीन तऱ्हांचे शॉक (शॉक ॲब्सॉर्बर). मुद्दाम केलेली चाचणी नव्हती, पण परतल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो: मागे कोणते शॉक टाकू? म्हणून वाटेचं वर्णन कामापुरतं आणि शॉकचं जरा ऐसपैस.

तिन्ही गाड्यांना मागे लीफ स्प्रिंगचे पाटे आणि सरळ ॲक्सल. हौद्यात पाण्याचे कॅन, जादा डिझेल, तंबू, स्टेपनी, अवजारं. भार जवळपास सारखा. पुढच्या गाडीला कंपनीतून आलेले ट्विन ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्यांचे शॉक. मधली माझी, तिला बिलस्टाइन ५१००, म्हणजे ४६ मिमी पिस्टनचे, एकाच नळीचे मोनोट्यूब. शेवटच्या गाडीला अडीच इंच व्यासाचे, बाहेर स्वतंत्र रिझर्व्हॉयर (तेल आणि गॅसची जोडडबी) आणि जोर कमीजास्त करायची बटणं असलेले.

पहिला टप्पा लांबलचक कच्च्या रस्त्याचा. लांबून सपाट दिसतो, चाकाखाली आला की पन्हाळी पत्रा. लोक दगडांना घाबरतात, पण शॉकची खरी वाट लागते ती इथे. लाटांमधलं अंतर पाऊण मीटर धरा. ताशी ४० किमी वेगाला चाक सेकंदात सुमारे १५ वेळा वर-खाली होतं, तासाभरात पन्नास हजारांच्या वर. ही सगळी हालचाल शॉक तेलातून जिरवतो आणि तिची उष्णता होते. उष्णता बाहेर पडली नाही की तेल पातळ होतं. त्यात ट्विन ट्यूबमध्ये तेल आणि गॅस यांच्यात आडपडदा नसतो, त्यामुळे घुसळून फेस होतो, आणि फेसातून पिस्टन विनासायास सरकतो. म्हणजे शॉक जागेवर आहे, पण काम करत नाही.

पुढच्या गाडीचं तेच झालं. वळणांवर तिचं मागचं अंग बाहेर फेकलं जाताना आम्हाला मागून दिसत होतं. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर आवाज आला, "मागून गाडी हातात राहत नाहीये रे." थांबलो, खाली वाकून पाहिलं. डाव्या शॉकच्या सीलपासून तेलाचा काळपट ओघळ उतरला होता आणि त्यावर धुळीचा ओला थर बसला होता. बाटलीतलं पाणी थेंबभर टाकलं तर चर्रकन उडालं. माझे शॉक कोरडे होते, पण उलटा हातसुद्धा टेकवत नव्हता. तिसऱ्या गाडीचेही तापले होते, चाल मात्र सकाळी होती तशीच.

कारण सरळ आहे. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. गॅसच्या दाबामुळे तेलाला सहजासहजी फेस येत नाही आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर निघते. रिझर्व्हॉयर आला की तेल वाढतं, म्हणजे तापायला जास्त वेळ लागतो. शिवाय गॅसची जागा बाहेर गेल्याने तेवढ्याच लांबीच्या शॉकमध्ये पिस्टनला जास्त अंतर मिळतं.

तुमच्या वाटेवर असा रस्ता तासन् तास असेल, तर रिझर्व्हॉयरचे पैसे वसूल होतात. अर्ध्या तासाचा असेल तर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शॉक कोणतेही असोत, अशा रस्त्याला लागण्याआधी टायरची हवा उतरवा, वेग आवरा आणि अधूनमधून थांबून शॉक गार होऊ द्या. आम्ही पुढे तेच केलं आणि मूळ शॉकवाली गाडीही निभावली.

नदीपात्राचा टप्पा छोटा. गोटे उडून खालून ठणाठण लागत होते. इथे ट्विन ट्यूबची एक बाजू सांगायलाच हवी: तिच्या बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतली शाबूत राहू शकते. मोनोट्यूबचा पिस्टन बाहेर दिसते त्याच नळीत चालतो, पोचा खोल गेला की तो अडकतो. म्हणून मोनोट्यूब घेतलात तर दगड लागतील त्या बाजूला आडोसा बसवा. रिझर्व्हॉयरची नळी टायरला किंवा एक्झॉस्टला घासत नाही हे गाडी वाकडी करून पाहा. नुसतं उभ्या गाडीखाली डोकावून ते कळत नाही.

दगडी चढावर तिन्ही शॉक सारखेच. चालायच्या वेगाने जाताना तेल तापतच नाही. तिथे फरक पडतो लांबीने. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात लोंबकळतंय, अशा वेळी आखूड शॉक पूर्ण ताणला जातो आणि अख्ख्या ॲक्सलचा हिसका त्याच्या बोल्टवर येतो. उलट फार लांब शॉक घेतला तर तो पूर्ण मिटतो आणि बंप स्टॉपच्या (ॲक्सलला वर अडवणारं रबर) आधीच आतून आदळतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण आवाज बंप स्टॉपसारखाच येतो आणि शॉक आतून फुटेपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून मेजपट्टी घेऊन गाडीखाली झोपा. गाडी नेहमीच्या भारासह सपाट जागेवर उभी असताना शॉकच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. मग ॲक्सल ते बंप स्टॉप अंतर मोजा, आणि बंप स्टॉपचं रबर दबेल तेवढं त्यात मिळवा. उदाहरणादाखल, उभ्या गाडीत शॉक ४८० मिमी, बंप स्टॉपपर्यंत ९० आणि रबर दबणार ३०, तर शॉक ३६० मिमीपर्यंत मिटणार. तुम्हाला ३४५ किंवा त्याहून कमी मिटणारा हवा. मग चेसीखाली जॅक आणि घोडे (आधाराचे स्टँड) लावून ॲक्सल पूर्ण लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. शॉकची ताणलेली लांबी याहून थोडी जास्त असू द्या. त्याच वेळी ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, तेही पाहून घ्या. गाडी उंच करून घेतली असेल तर विक्रेत्याच्या "दोन इंच लिफ्टला चालतो" या बोलण्यावर विसंबू नका. प्रत्येक गाडीचे पाटे वेगळे बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: शॉकचा कल. शॉक उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर ॲक्सलच्या उभ्या हालचालीला त्याचा जोर साधारण पाऊणपटच मिळतो, ४५ अंशांवर निम्माच. त्यामुळे महागडा शॉक आडवा बसवण्यापेक्षा मध्यम शॉक उभा आणि चाकाजवळ बसलेला बरा. पुष्कळ पिकअपमध्ये एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो, पाटे पिळवटून ॲक्सल उड्या मारू नये म्हणून. अशा गाडीला डावा-उजवा वेगळा लागू शकतो, ऑर्डर देताना ते तपासा.

शेवटचा उतार मऊ मातीचा, आडव्या चरांचा. इथे भाराचा प्रश्न उघड झाला. पाणी-डिझेल संपत आलं होतं, हौदा हलका झाला होता. भरलेल्या पिकअपला शॉकचा रिबाउंड, म्हणजे उलगडतानाचा विरोध, जास्त लागतो, नाहीतर दबलेले पाटे गाडीला वर फेकतात. तोच रिबाउंड रिकाम्या गाडीला जास्त होतो: एका चरातून सावरण्याआधी दुसरा येतो, मागचं अंग दर चराला थोडं थोडं खाली बसत जातं आणि मग सगळे धक्के थेट पाठीत. माझी गाडी शेवटी अशीच चालली. तिसऱ्या गाडीवाल्याने उतरून बटणं चार टिचक्या सैल केली आणि आरामात निघून गेला. घेताना एक विचारून घ्या, की बटण कशाचं आहे. रिझर्व्हॉयरवरचं बटण बहुधा कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिटतानाच्या विरोधाचं, असतं; फॉक्स कंपनीच्या डीएससी प्रकारात मंद आणि जलद हालचालीचं कॉम्प्रेशन वेगवेगळं लावता येतं. रिबाउंड बदलायची सोय सगळ्यांत नसते.

आमच्यातला जो गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेला आहे, त्याचं म्हणणं एवढंच: "आधी हौद्यात काय भरणार ते सांग, मग शॉकचं बोलू." ते मला पटतं. हौदा कायम भरलेला असेल आणि गाडी मागून बसलेली दिसत असेल, तर पहिला खर्च पाट्यांवर करा. शॉक भार उचलत नाही, तो फक्त हालचालीला आवर घालतो. आठवडाभर रिकामी आणि सुट्टीत भरून जाणाऱ्या गाडीला बटणवाले शॉक सोयीचे. बाकी बहुतेकांना बरोबर लांबीचे मोनोट्यूब पुरतात. नुसत्या डांबरी रस्त्यावर भरलेल्या गाडीसाठी हवे असतील तर चांगले ट्विन ट्यूबही वाईट नाहीत.

बसवताना शॉकच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लोंबत असताना पूर्ण आवळू नका. गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर टेकवा आणि मगच शेवटचा पीळ द्या, नाहीतर बुश कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. पहिल्या शंभर किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावा. निघताना जुने शॉक भंगारात न टाकता हौद्यात ठेवा, सोबत बुशचा एक संच आणि त्या मापाचे पाने. वाटेत शॉक तुटलाच तर गाडी पाट्यांवर उभी राहते. तुटलेला काढून टाका, त्या बाजूचं ॲक्सल आता जास्त खाली लोंबेल म्हणून ब्रेकचा पाइप तपासा, आणि दुसरा बसवेपर्यंत ताशी २०-२५ च्या वर जाऊ नका.