प्लेगची लस: कोणत्या प्राण्याची साक्ष मानायची?

प्लेगच्या नव्या लसीने सगळे उंदीर वाचवले, अशी बातमी काही वर्षांच्या अंतराने वाचायला मिळते, आणि त्या लसीचे पुढे काय झाले हे मात्र सहसा कळत नाही. नागपुरात पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना लसींची परीक्षा हा माझ्या रोजच्या अध्यापनाचा भाग असतो, त्यामुळे “सर, उंदीर वाचले, मग अडले कुठे?” हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. तो प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. माझ्या मते ‘लस प्राण्यांत चालली’ हे विधान प्लेगच्या बाबतीत अपुरे आहे. प्राणी कोणता होता, जंतू त्याच्या शरीरात कोणत्या वाटेने गेले आणि ते कोणत्या वाणाचे, म्हणजे त्या जंतूच्या कोणत्या उपप्रकाराचे होते, हे कळल्याशिवाय त्या विधानावर काहीच ठरवता येत नाही.

आम्हा पशुवैद्यांना एक मोठी सोय असते. राणीखेत रोगाची लस आम्ही कोंबडीला देतो आणि नंतर त्या कोंबडीलाच रोगाचे विषाणू देऊन लसीची परीक्षा घेतो. ज्याच्यासाठी लस केली, त्याच्यावरच ती तपासली जाते, आणि मधल्या साक्षीदाराची गरज पडत नाही. माणसाच्या प्लेगबाबत हे शक्य नाही. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून साधारण एका दिवसात प्रतिजैविके सुरू झाली नाहीत, तर रुग्ण वाचणे अवघड असते, तेव्हा कोणाला मुद्दाम संसर्ग देण्याचा विचारही करता येत नाही. साथीच्या काळात लस देऊन निकाल पाहावा, तर साथी तुरळक, विखुरलेल्या आणि अचानक येणाऱ्या असतात. आपल्याकडे १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आणि त्यापाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आढळला. मादागास्करमध्ये २०१७ साली काही महिन्यांत दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. अशा घाईत रुग्णाला तत्काळ औषध देणे हेच वैद्यकाचे कर्तव्य असते आणि लसीची शिस्तबद्ध चाचणी उभी राहू शकत नाही.

जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांच्यासमोर परिस्थिती वेगळी होती. १८९६ मध्ये मुंबईत साथ पसरल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत, मांसरसात वाढवून उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार केली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा टोचलेल्या आणि न टोचलेल्या कैद्यांची तुलना करता आली. म्हणजे सशांनी जे सुचवले, ते माणसांत पडताळून पाहण्याची संधी, कितीही दुःखद असली तरी, त्यांना मिळाली होती. आजच्या लसीला ती मिळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये असा नियम केला, की ज्या रोगांत माणसांवर परिणामकारकता तपासणे अनैतिक किंवा अशक्य आहे, तेथे प्राण्यांतील पुराव्यावर मान्यता देता येईल. त्यासाठी रोग आणि उपाय यांची यंत्रणा पुरेशी समजलेली असावी, सहसा एकाहून अधिक प्राणिजातींत परिणाम दिसावा, मोजमाप जीव वाचण्यासारख्या ठोस गोष्टीचे असावे आणि माणसासाठीची मात्रा त्यातून ठरवता यावी, अशा अटी आहेत. लिव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला प्लेगसाठी २०१२ मध्ये मान्यता मिळाली, ती याच नियमाने, आफ्रिकी हिरव्या माकडांवरील प्रयोगाच्या आधारे. औषधाचे काम त्या मानाने सरळ असते, कारण ते थेट जंतूवर चालते. लस मात्र प्राण्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून काम करून घेते, आणि ती शक्ती प्रत्येक जातीत वेगळी असते.

उंदीर हा या परीक्षेतला पहिला आणि सर्वांत सोयीचा प्राणी. कातडीखाली अगदी मोजके जंतू टोचले तरी तो मरतो, त्यामुळे वाचला की मेला, हा निकाल स्पष्ट मिळतो. पण कातडीखाली टोचणे ही पिसवेच्या चाव्याची, म्हणजे गाठीच्या प्लेगची नक्कल आहे. फुफ्फुसाच्या प्लेगसाठी जंतूंचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे द्यावे लागतात. मारलेल्या जंतूंच्या जुन्या लसी पहिल्या परीक्षेत बऱ्यापैकी उतरत आणि दुसऱ्या परीक्षेत पडत. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांना दिलेली लस याच जातीची होती, आणि तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले.

तापमानाचा मुद्दाही येथेच येतो, आणि विद्यार्थी तो हमखास विसरतात. प्लेगच्या जंतूभोवतीचे एफ-१ नावाचे प्रथिनी आवरण ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होते. पिसवेच्या थंड शरीरात ते जवळजवळ नसते. त्यामुळे प्रयोगातले जंतू २६ अंशांवर वाढवले होते की ३७ वर, यावरून ते पिसवेतून आलेल्या संसर्गाचे प्रतिनिधी आहेत की खोकल्यातून आलेल्या, हे ठरते. शोधनिबंधात ही एक ओळ असते. ती न वाचता तक्ता पाहू नये.

हल्लीच्या बहुतेक लसी एफ-१ आणि व्ही या दोन प्रतिजनांवर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते अशा जंतूच्या घटकांवर उभ्या आहेत. व्ही हे प्रथिन जंतूच्या सुईसारख्या यंत्रणेच्या टोकाशी असते आणि त्या यंत्रणेतून पेशींमध्ये विष सोडले जाते. प्रतिपिंडांनी, म्हणजे जंतूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांनी ते अडवले, की जंतूचा मोठा आधार जातो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनेही या दोन प्रतिजनांना क्षयजंतूच्या एका प्रथिनाची जोड देऊन उंदरांत काम केले आहे. उंदरांत या जोडीचे निकाल उत्तम येतात. सायनोमोल्गस मकाक माकडांतही श्वासावाटे संसर्ग देऊन चांगले संरक्षण दिसले. आफ्रिकी हिरव्या माकडांत मात्र निकाल प्रयोगागणिक बदलत राहिले, आणि रक्तात भरपूर प्रतिपिंडे असूनही काही माकडे दगावली.

मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. दोन्ही माकडेच आहेत, दोन्ही आपल्या जवळची आहेत, आणि तरी त्यांची साक्ष जुळत नाही. माणूस यांपैकी कोणासारखा वागेल, हे ठरवायला प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे नाही, एवढे यातून निश्चित झाले. पुढे उंदरांतच असे दिसले, की टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा हे पेशींचे संदेशवाहक निष्प्रभ केले, तर प्रतिपिंडे असूनही संरक्षण ढासळते. म्हणजे टी-पेशींचा, म्हणजे असे संदेशवाहक सोडणाऱ्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा वाटाही मोजायला हवा. ज्या प्रयोगात फक्त प्रतिपिंडांचे आकडे दिलेले असतात, तो मी अर्धा प्रयोग मानतो.

जिवंत, दुर्बल केलेल्या जंतूंच्या लसीचा मार्गही आहे. मादागास्करमध्ये जिरार आणि रोबिक यांनी तयार केलेला ईव्ही वाण लाखो लोकांना टोचला गेला. अशा लसीने मिळणारी प्रतिकारशक्ती व्यापक असते, पण सुरक्षिततेची शंका उरते. २००९ मध्ये शिकागोतील एका संशोधकाचा मृत्यू अशाच दुर्बल वाणाने झाला. त्यांना शरीरात लोह साठण्याचा आनुवंशिक विकार होता, आणि या वाणाचा दुबळेपणा मुख्यतः लोह मिळवण्याच्या असमर्थतेतून आलेला होता. निरोगी उंदरांच्या प्रयोगांत हा धोका दिसणे शक्यच नव्हते. तोच विकार असलेले उंदीर घेतल्यावर तो दिसला.

या परीक्षांत प्राण्यांना होणाऱ्या वेदनेबद्दल मी मौन बाळगू शकत नाही. लस न दिलेल्या गटातले प्राणी मरणार, हे आधीच माहीत असते. ताप, श्वासाचा वेग आणि हालचाल यांवरून अटळ मृत्यू ओळखून प्राण्याला आधीच शांतपणे निरोप देण्याची मर्यादा आराखड्यात लिहिलेली असलीच पाहिजे, आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीने ती वाचूनच परवानगी दिली पाहिजे. माणसाचा लसोत्तर रक्तद्रव उंदराला देऊन त्याचे संरक्षण तपासण्याची पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते: माकडांची संख्या कमी होते, आणि माणसाच्या प्रतिपिंडांची थेट परीक्षाही होते, जरी त्यात टी-पेशींचे काम कळत नसले तरी.

नागपुरात ‘वन हेल्थ’ची, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहणार असून डिसेंबर २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. पशुवैद्य, वैद्य आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तेथे एकत्र बसतील, तेव्हा प्लेगच्या लसीबाबत माझा एक आग्रह राहील. एफ-१ आवरण नसलेले वाणही प्राणघातक असू शकतात, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून लसीची परीक्षा नेहमीच्या वाणासोबत अशा वाणाविरुद्धही, श्वासाच्या वाटेने आणि किमान दोन प्राणिजातींत व्हावी, आणि ज्या जातीत निकाल वाईट आला, त्या जातीचा तक्ताही तितक्याच ठळकपणे छापला जावा.