शोधनिबंध जिथे संपतो, तिथून पुढे

वनस्पती जैवतंत्रज्ञानात आधी अध्यापन आणि नंतर व्यवसाय केलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: हातातली कायमची प्राध्यापकी सोडून रोपे विकण्याचा उद्योग कशासाठी? सोलापुरात हा प्रश्न मला लग्नकार्यातही विचारला गेला आहे आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहसा काळजीच असते. मी उत्तरात पैसा किंवा स्वातंत्र्य ही कारणे देत नाही, कारण माझ्या बाबतीत दोन्ही अर्धीच खरी आहेत. ज्या विषयात मी पीएचडी केली त्यातला सर्वांत अवघड भाग शोधनिबंधांत फारसा येतच नव्हता, आणि तो मला शिकून घ्यायचा होता, हे खरे कारण आहे.

माझा विषय ऊतीसंवर्धन, म्हणजे बोलीभाषेत टिश्यू कल्चर: वनस्पतीच्या छोट्याशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवणे. या शास्त्राचा इतिहास पाहिला तर विद्यापीठ आणि बाजार यांच्यात आपण आज मानतो तेवढी मोठी भिंत कधीच नव्हती. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली दाखवून दिले की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच ऊतीतून कधी मुळे फुटतात, तर कधी कोंब. पुढे स्कूग यांचे विद्यार्थी मुराशिगे तंबाखूच्या पानांच्या अर्कात एखादे अज्ञात संप्रेरक सापडते का, हे शोधत होते. संप्रेरक सापडले नाही. अर्काचा बराचसा परिणाम त्यातील साध्या क्षारांचा होता असे निघाले, आणि त्या निराशेतून १९६२ मध्ये जे पोषक माध्यम जन्माला आले ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘एमएस’ (मुराशिगे-स्कूग) या नावाने रोज शिजवले जाते. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ सालीच शेंड्याच्या सूक्ष्म टोकापासून विषाणूमुक्त डेलिया तयार केले होते. तीच पद्धत मोरेल यांनी १९६० मध्ये ऑर्किडला लावली आणि पाहता पाहता ऑर्किडचा व्यापारच बदलून गेला. जनुक अभियांत्रिकीच्या आद्य संशोधकांपैकी मेरी-डेल चिल्टन यांनीही १९८३ मध्ये विद्यापीठ सोडून सिबा-गायगी या कंपनीची प्रयोगशाळा गाठली, आणि २०१३ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळालेल्या तिघांत त्या होत्या. तेव्हा ही वाट जुनीच आहे. आपल्याकडे फक्त तिच्यावर वर्दळ कमी.

सोलापुरात राहून ऊतीसंवर्धन करायचे तर डाळिंब टाळता येत नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या पट्ट्यात या पिकाने कित्येक घरे उभी केली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये याच शहरात केगावला आले आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण याच पिकावर तेल्या पडला. झँथोमोनास वर्गातला हा जीवाणू पान, फांदी आणि फळ या सगळ्यांवर तेलकट डाग पाडतो, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून झाडावरून झाडावर जातो आणि तडकलेली फळे शेवटी बांधावर फेकावी लागतात. डाळिंबाची लागवड पूर्वापार गुटी कलमांवर, म्हणजे झाडाच्याच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपांवर होत असल्यामुळे एका बागेतला रोग कलमासोबत शांतपणे दुसऱ्या तालुक्यात पोहोचत असे. रोगमुक्त मातृवृक्षापासून टिश्यू कल्चरची रोपे करण्याला इथे खरा अर्थ होता तो यामुळे.

कागदावर हे सोपे दिसते. डाळिंबाच्या कोवळ्या फांदीचा पेराचा तुकडा निर्जंतुक करून माध्यमात ठेवला की त्यातून फिनॉलिक द्रव्ये पाझरतात, बाटलीतले माध्यम तपकिरी होते आणि तुकडा स्वतःच्याच स्रावात काळा पडतो. यावर वारंवार नव्या माध्यमात हलवणे, सक्रिय कोळसा, ॲस्कॉर्बिक आम्ल असे उपाय आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. त्यानंतर कोंब वाढवणे, त्यांना मुळे फोडणे, हेही लिहिलेले आहे. मग बहुतेक शोधनिबंध एका वाक्यात संपतात: रोपांचे यशस्वी दृढीकरण करण्यात आले.

दृढीकरण म्हणजे रोपाला बाटलीबाहेरच्या हवेची सवय लावणे, आणि व्यवसायाची खरी परीक्षा त्या एका वाक्यात असते. बाटलीतले रोप जवळजवळ शंभर टक्के आर्द्रतेत, आयत्या साखरेवर, २५ अंशांच्या खोलीत वाढलेले असते. त्याच्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटतच नाहीत, त्यामुळे उघड्या हवेत आणल्यावर ते काही मिनिटांत मान टाकते. त्याला आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये प्लास्टिकच्या बोगद्याखाली ठेवायचे, रोज थोडे थोडे प्लास्टिक उचलून बाहेरची हवा दाखवायची, जुनी पाने गळून नवी फुटेपर्यंत थांबायचे, मग शेडनेटखाली पिशवीत लावायचे. शेतकऱ्याला रोप पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये हवे असते. याचा हिशेब मागे नेला तर हे सगळे नाजूक काम नेमके मार्च ते मेमध्ये येते, जेव्हा सोलापूरचा पारा चाळिशीच्या आसपास आणि अनेकदा वर असतो. त्या दिवसांत दुपारी दोन वाजता शेडनेटमध्ये उभे राहिले की जैवतंत्रज्ञान या शब्दाचा रुबाब पार उतरतो. तेव्हा पाण्याचे धुके उडवणारा फॉगर सुरू आहे की नाही आणि वीज गेली तर जनरेटर लगेच उचलतो की नाही, एवढेच महत्त्वाचे उरते.

विद्यापीठात दहापैकी सहा रोपे जगली तर तो चांगला आकडा असतो, त्यावर निबंध निघतो. इथे त्याच आकड्याला तोटा म्हणतात. शिवाय जगलेले प्रत्येक रोप मातृवृक्षासारखेच निघाले पाहिजे. केळीत हे जास्त जाणवते, कारण बाटलीत केळीचे कोंब भराभर वाढतात आणि ते कापून नव्या माध्यमात पुन्हा लावण्याच्या फेऱ्या वाढवत नेण्याचा मोह होतो. फेऱ्या मर्यादेबाहेर गेल्या की खुजी, वेगळ्याच पानांची रोपे मिसळू लागतात. करमाळा तालुक्यातल्या कंदर भागातून केळी निर्यात होतात, तिथला बागायतदार असे एक झाड लांबून ओळखतो. विषाणू तपासणी आणि जनुकीय एकसारखेपणा यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था चालवली आहे. कागदपत्रांचा कंटाळा मलाही येतो, पण ती व्यवस्था नसती तर कोणीही कोणत्याही शेडनेटवर टिश्यू कल्चरची पाटी लावली असती. (आताही काही जण लावतात.) आमच्या धंद्यात केळीवर लॅब चालते आणि डाळिंबावर ती ओळखली जाते.

लॅबमध्ये लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर बसणाऱ्या बहुतेक मुली शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या आहेत. कित्येकींच्या आया विड्या वळत. चिमटा ज्योतीवर धरायचा, तो किती निवला हे न बघता ओळखायचे, कोंब नेमक्या पेराखाली कापायचा आणि बाटलीच्या काठाला स्पर्श न होऊ देता आत रोवायचा, ही हातोटी मी एमएस्सीच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. पण माझ्या स्वतःच्या हातापेक्षा या मुलींचा हात स्वच्छ आहे, आणि लॅबचे दूषिततेचे प्रमाण माझ्या पदवीवर अवलंबून नसून त्यांच्या हजेरीवर अवलंबून आहे. त्यांचा पगार हा आमच्या खर्चातला विजेच्या बिलाइतकाच ठळक भाग आहे आणि तो तसाच असावा.

विक्रीच्या बाजूला मात्र प्राध्यापकी उपयोगी पडते, आणि कधी नडतेही. सांगोल्याकडचा शेतकरी पिशवी हातात फिरवत विचारतो, “मॅडम, ह्या रोपाला तेल्या येणार न्हाई नव्हं?” होय म्हटले तर जागेवर बुकिंग होते. पण उत्तर असे आहे की हे रोप तेल्या घेऊन येत नाही, तेल्याला ते प्रतिकार करत नाही. शेजारच्या बागेत रोग असेल, पावसाळ्यात बहार धरला असेल आणि छाटणीची कात्री निर्जंतुक केली नसेल तर त्यालाही तो होणारच. हे ऐकून काही जण निघून जातात. उरतात ते मात्र पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतात, आणि बाग कशी आहे हे फोन करून सांगतात.

भांडवलाबद्दल थोडक्यात. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून नवउद्योगाला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, पण ते कल्पना सिद्ध करण्यासाठी असते. शेडनेट, जनरेटर आणि पुढच्या हंगामापर्यंतचे पगार यांसाठी बँकेच्या दारातच उभे राहावे लागते, आणि तिथल्या अधिकाऱ्याला बाटलीतले रोप तारण म्हणून दाखवता येत नाही.

आता आठवड्यातून एकदा मी पुन्हा वर्गात जाते. विद्यार्थ्यांना नवे माध्यम शोधण्याचा विषय मी देत नाही. तसले काम पुष्कळ झाले आहे. सध्या एक विद्यार्थिनी आमच्या शेडनेटमध्ये ट्रेशेजारी बसून प्लास्टिक उचलल्यानंतर कितव्या दिवशी डाळिंबाच्या नव्या पानाची पर्णरंध्रे मिटू लागतात हे मोजते आहे. नेलपॉलिशचा पातळ थर पानाच्या खालच्या बाजूला लावायचा, वाळला की सोलून काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रांचे ठसे बघायचे, एवढीच तिची सामग्री. तिचे आकडे एप्रिल आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांचे आले की उन्हाळ्यात बोगदा किती दिवस झाकून ठेवायचा हे आम्हाला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.