डायलिसिस आणि नौपाड्यातली ती खोली

मंगळवार, गुरुवार, शनिवार हे माझे वार. सकाळी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याला यायचं, काट्यावर उभं राहायचं, टेक्निशियन विचारतो, “आज किती काढायचं?” मग डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया आणि चार तास मशीन. ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगतो: किडन्या निकामी झाल्या की पाणी अंगातच साठत जातं, आणि दोन डायलिसिसच्या मधे साठलेलं पाणी मशीन ओढून काढतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं. पोटॅशियमही साठतं, म्हणून केळं आणि नारळपाणी बंद. भाजी चिरून भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं.

हे सगळं अंगवळणी पडलं. दुपारी घरी येऊन आडवं झाल्यावर डोक्यात जे सुरू व्हायचं, ते मात्र पडेना. आज चार तास बसलो कशासाठी, तर परवा पुन्हा बसता यावं म्हणून. याला जगणं म्हणायचं का?

नातेवाईक येऊन जायचे. कोणी म्हणे प्रारब्ध आहे, भोगून संपवायचं. कोणी तुकोबांचं ‘सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे’ ऐकवून चहा पिऊन जायचं, माझ्यासमोर, पूर्ण कप. तरुण मंडळी ‘पॉझिटिव्ह राहा काका’ म्हणायची. प्रारब्धवाल्यांचा मला कमी राग यायचा, ते निदान दुःखाला दुःख म्हणत होते.

एका शनिवारी गेलोच नाही. नंतर अजून एक चुकवला. नेफ्रोलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सरळ विचारलं, “बंद करायचा विचार आहे का?” आणि उत्तराची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लिहिली. ठाण्याच्या माणसाला ही चिठ्ठी घेणं जरा जड जातं. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं, तेव्हापासून ‘याला ठाण्याला भरती करा’ हा विनोद महाराष्ट्रभर चालतो. बायकोने चिठ्ठी हातातून घेतली आणि अपॉइंटमेंट लावून टाकली.

गोळ्या सुरू झाल्या. किडनीच्या पेशंटला औषधाचं प्रमाण बघून द्यावं लागतं, त्यामुळे दोन्ही डॉक्टर आपसात बोलले. काही आठवड्यांत झोप लागायला लागली, सकाळी आंघोळ करावीशी वाटू लागली. प्रश्न तिथेच होता, फक्त आता तो नीट विचारता येत होता. मग डॉक्टरांनी ठाण्यातच, नौपाड्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, म्हणजे गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्यांकडे.

जुन्या चाळीच्या जागी झालेल्या बिल्डिंगचा पहिला मजला, खाली फरसाणचं दुकान. मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मरणाची भीती वाटते, की जगण्याचा कंटाळा आलाय?” घरी हा शब्द कोणी उच्चारत नाही, मी उच्चारला तर विषय बदलतात. मी म्हणालो, कंटाळा. बराच वेळ गेला. मग म्हणालो, भीतीपण.

पुढे मी त्यांना विचारलं की तुमची पद्धत तरी कोणती? त्यांनी अस्तित्ववादी मानसोपचार असं नाव सांगितलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी 1980 साली मांडणी केली की माणसाच्या मुळाशी चार काळज्या असतात: मरण, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि अर्थहीनता. आजार असो नसो, त्या कोणालाच चुकत नाहीत. मी महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. ढिगाला चार हेड मिळाली की निम्मं डोकं शांत होतं. त्यातलं स्वातंत्र्य काळजीत कसं येतं, ते मात्र कळलं नव्हतं.

व्हिक्टर फ्रँकल यांचं नावही तिथेच ऐकलं. व्हिएन्नाचे डॉक्टर, ज्यू. 1942 साली नाझींनी त्यांना छळछावणीत टाकलं, पुढे ऑशविट्झलाही नेलं. आईवडील, भाऊ, बायको सगळे गेले. ते 1945 साली सुटले. मला वाटलं, आता मॅडम म्हणणार, बघा, त्यांनी एवढं सोसलं, तुम्ही काय घेऊन बसलात. त्या म्हणाल्या ते उलटंच. फ्रँकल यांचं म्हणणं असं, की जे दुःख टाळता येतं ते आधी टाळा. गरज नसताना सोसण्यात शौर्य नाही. जे हटवताच येत नाही, तिथून पुढे अर्थाचा प्रश्न.

मग आम्ही कागद घेतला. काय काय दुखतं? डायलिसिसच्या शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, जीव नकोसा होतो. खाज, रात्रभर. “हे डॉक्टरांना सांगितलंत?” नव्हतं सांगितलं, हे असंच असतं असं धरून चाललो होतो. नेफ्रोलॉजिस्टनी तपासलं. डिप्रेशनच्या गोळ्यांनी भूक सुधारली होती, अंगावर मांस चढलं होतं, पण माझं ‘ड्राय वेट’, म्हणजे साठलेलं पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं ते, जुनंच चाललं होतं. म्हणजे मशीन पाण्याच्या नावाखाली गरजेपेक्षा जास्त ओढत होतं. ते वाढवून दिल्यावर गोळे जवळजवळ थांबले. जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणासोबत घ्यायची असते, मी तासाभराने घ्यायचो. ती वेळ बदलली, खाज बरीच उतरली. अर्थबिर्थ काही नाही, साधी दुरुस्ती. पण ती करायला मला मानसोपचार लागला.

कागदावर खाली एक ओळ होती: ‘बायको किडनी देते म्हणते, मी नाही म्हणतो.’ मॅडम त्या ओळीवर बऱ्याच बैठका थांबल्या. मी त्याग म्हणून सांगत होतो. त्यांनी विचारलं, “हा निर्णय कोणाचा?” पुढच्या वेळी बायकोला सोबत बोलावलं. ती त्या खोलीत जे बोलली ते घरी कधी बोलली नव्हती: “अहो, रोज रात्री तुमचा श्वास ऐकत मी जागी असते. किडनी माझी. तुम्ही कोण नको म्हणणारे?” स्वातंत्र्य काळजीत का येतं, ते तेव्हा कळलं.

तिच्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला. शुगरने घात केला, तिला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी नाही सांगितलं. परतताना ठाणे स्टेशनच्या पुलावर ती रडली, मी नाही. आता झेडटीसीसीच्या, म्हणजे मुंबई विभागाच्या अवयव प्रत्यारोपणाच्या, प्रतीक्षायादीत नाव आहे. ही वाट बघणं माझ्या हातात नाही. आधीचं सोसणं मी पत्करलेलं होतं, हे आलेलं आहे. दोन्हींचं वजन सारखं नसतं.

उरले ते चार तास. फ्रँकल यांच्या मते अर्थ तीन वाटांनी सापडतो: काही घडवून, कोणावर प्रेम करून किंवा काही मनापासून अनुभवून, आणि अटळ दुःखाकडे बघण्याच्या आपल्या पवित्र्यातून. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आयुष्याला विचारत बसलात, आता ते तुमच्याकडे काय मागतंय ते बघा. मला हे पुस्तकी वाटलं आणि मी तसं सांगितलंही. पण शेजारच्या बेडवरचे काका खरोखरच मागत होते: “साहेब, हे इन्शुरन्सवाल्यांनी एवढं कापलंय कशाचं?” क्लेमचा कागद मी उजव्या हाताने धरून वाचला. हातमोजे, सिरिंज, ट्यूब, सगळं कन्झ्युमेबल्समध्ये टाकून कापलेलं. एक रक्कम मात्र चुकून दोनदा वजा केलेली. पत्र लिहून दिलं, पैसे परत आले. आता गुरुवारी माझ्या बेडजवळ फाइली येतात. समाजसेवा वगैरे म्हणू नका. मला ते काम चांगलं येतं आणि करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही, एवढंच.

किडनी गेली ते बरंच झालं, आजाराने मला शिकवलं, असं मी कोणत्याही सभेत म्हणणार नाही. मॅडमनीही कधी म्हणायला लावलं नाही.

कोणाला जायचं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार आधी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका. मन फारच टोकाला गेलं, मरणाचे विचार यायला लागले, तर 14416 हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

मी आता महिन्यातून एकदा जातो. पुढच्या वेळी मुलीचं बोलायचंय. तिला पुण्याला शिकायला जायचंय, पण बाबांमुळे इथलंच कॉलेज घेते म्हणते, आणि मी तिला परस्पर पुण्याचा फॉर्म भरून देणार होतो. निर्णय कोणाचा, हेच मॅडम विचारणार. माहीत आहे, तरी फी भरून ऐकणार आहे.